चहाच्या पेटीतलं घर

नंदाआत्या तोंडात सुई धरून बोलायची. ओठांच्या कोपऱ्यात सुई, तिच्यातून लोंबणारा दोरा हनुवटीवर, आणि तरीही शब्द अगदी स्पष्ट. आई तिला रोज म्हणायची, "वन्सं, एखाद्या दिवशी गिळताल बरं!" त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं. "गिळायचं ते लई गिळलंय वैनी, ही न्हाई गिळत." मग ती हसायची. पण ओठांत सुई असली की माणसाचं हसू अर्धंच दिसतं. आत्या खरंच हसली की तिनं नुसतं बोलणं उडवून लावलं, हे समोरच्याला कधी कळत नसे.

दिंद्रुडच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आत्या त्यांची धाकटी बहीण, सासर सोडून आमच्याकडे राहिलेली. तिचं नाव महानंदा, पण बावल्या, म्हणजे बाहुल्या, करायची म्हणून गावात तिला सगळे बावलीआत्या म्हणत. दुकानाच्या ओट्यावर सलीमचाचा शिलाईचं मशीन घेऊन बसत. गिऱ्हाइकानं आत कापड घ्यायचं आणि बाहेर येऊन चाचांना माप द्यायचं. दिवसभर मशीनखाली जे तुकडे पडत, ते संध्याकाळी आत्या लुगड्याच्या ओच्यात गोळा करून आणायची. एखादा तुकडा जरा मोठा दिसला की ती थबकायची. "चाचा, हे कुनाच्या सदऱ्यातलं वो? एवढं मोठं कावून उरलं?" चाचा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "घे ना बेटी. तेरी बावली का नसीब हाय."

मधल्या खोलीत एक चहाची पेटी आडवी ठेवलेली असायची. प्लायवूडची, कडांना पत्रा ठोकलेली. पूर्वी किराणा दुकानात चहा यायचा तसली. आत्या लहान असताना माझ्या आजोबांनी तिच्यासाठी त्या पेटीत मधोमध फळी ठोकून दोन मजले केले होते. खाली दुकान, वर घर. लग्न होऊन आत्या गेली तेव्हा ती पेटी माळ्यावर गेली, आणि आत्या परत आली तेव्हा तिनं ती स्वतः खाली उतरवली. मला समजायला लागलं तेव्हा त्या घरात काय नव्हतं! खालच्या दुकानात बोटभर रुंदीच्या कापडाचे ठाण रचलेले. गादीला पांढरीशुभ्र खोळ, मागे तक्क्या. वरच्या मजल्यावर ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचे पाय लावलेली आणि दोऱ्यानं विणलेली बाज, तिच्यावर वाकळ. दाराला मण्यांचं तोरण. घरात माणसंही होती, सगळी कापसानं भरलेली. गळ्यात लिंगाची इवलीशी पिशवी आणि कपाळावर विभूतीचे पट्टे असलेले आजोबा. आजीच्या विरलेल्या इरकल लुगड्याच्या काठातून शिवलेलं लुगडं नेसलेली आई. काळ्या टोपीवाला माझा भाऊ. दोन वेण्यांची मी.

गादीची खालची बाजूसुद्धा आत्या वरच्यासारखीच बारीक टाके घालून शिवायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, खालून कोण बघतंय?" ती म्हणाली, "बघायचं कशाला? निजल्यावर गाठ टोचती ना तिला." उन्हाळा लागला की ती बाहुल्यांच्या वाकळी घडी घालून ठेवायची आणि पातळ चादरी काढायची. खिडकीत वाळ्याच्या काड्यांचा पडदा लावायची आणि दुपारी त्याच्यावर बोटानं पाण्याचे थेंब शिंपडायची. आम्ही माणसं पत्र्याखाली घामानं निथळत असायचो आणि बाहुल्यांच्या घरातून गार सुगंध यायचा.

मला तिनंच शिवायला शिकवलं. पहिल्या पहिल्यांदा माझा टाका वाकडा जायचा. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "कल्पे, लहान शिवायचं तर डोळ्यानं न्हाई शिवायचं, दमानं शिवायचं. श्वास सोड. सोडला? आता घाल टाका." आजही सुईत दोरा ओवताना मी आधी श्वास सोडते.

त्या घरात खिडकीजवळच्या बाजेवर आणखी एक मुलगी असायची. मी नव्हे, दुसरी. तिच्या अंगावर नेहमी घरातला सगळ्यात नवा फ्रॉक असायचा. ही कोण, असं मी विचारलं तेव्हा आत्या दोरा तोडता तोडता म्हणाली, "ती गिरिजा. कड्याची." आपल्याला आपल्याच वयाची एक आतेबहीण आहे, हे मला असं कळलं.

मग आईकडून एकेक कळत गेलं. आत्याचं सासर कडा या गावी. तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते. घरात सासूचा शब्द चाले. एके दिवशी सासूचं आणि आत्याचं भांडण झालं. कशावरून झालं, ते नंतर कुणालाच धड सांगता येत नसे. आई म्हणायची गुळाच्या ढेपेवरून, अण्णा म्हणायचे शेजारणीला चोळी शिवून दिली त्यावरून. शब्दाला शब्द वाढला. सासू म्हणाली, "जायचं तर जा, पोर जाणार न्हाई." गिरिजा तेव्हा तीनचार वर्षांची होती आणि अंगभर गोवर उठून पडली होती. तशा तापल्या पोरीला एवढ्या लांब एसटीनं आणणंही शक्य नव्हतं. आत्या रागारागात एकटीच निघून आली. आठपंधरा दिवसांत न्यायला येतील, अशी तिची खात्री होती. अण्णाही म्हणाले, "येऊ दे त्यांना. आपुन काय रस्त्यावर पडलो न्हाई." कुणी आलं नाही. वर्ष सरायच्या आत त्या घरात दुसरी बायको आली.

गिरिजाला आत्यानं आठवणीत वाढवलं. दर दिवाळीला ती खिडकीजवळच्या बाहुलीचे पाय उसवायची, थोडा कापूस घालून ते वाढवायची आणि पुन्हा शिवायची. "आता एवढी झाली असंल," ती स्वतःशीच म्हणायची. त्या बाहुलीचे जुने फ्रॉक ती फेकत नसे. धाकट्या बहिणीला होतील, अशा थाटात त्यांची चळत घालून ठेवायची. धाकटी बाहुली मात्र तिनं कधी केली नाही.

पुढे कड्याची सासू वारली आणि गिरिजाचे वडील उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आमच्याकडे पाठवायला लागले. अण्णा तिला घ्यायला बीडच्या स्टँडवर गेले होते. आत्या सकाळपासून ओट्यावर उभी. नळावर गेली नाही, जेवली नाही. अण्णांच्या मागून एक काटकुळी, सावळी पोर आली, हातात पिशवी घट्ट धरलेली. आत्याच्या अंदाजापेक्षा बरीच बुटकी होती. आत्यानं तिला जवळ घेतलं नाही, दुरूनच पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "ये. पाय धू. ऊन लई हाय." दुसऱ्या दिवशी मी पेटीपाशी गेले तर खिडकीजवळच्या बाहुलीचे पाय उसवून आखूड केलेले होते.

आम्ही भावंडं आत्याला आत्या म्हणायचो. आमचं ऐकून गिरिजाही तिला आत्याच म्हणायला लागली. तिची 'आई' कड्याला होती. तिला वाढवणारी, तिची वेणी घालणारी सुमनबाई. पहिल्यांदा तिनं "आत्या, पाणी दे" म्हटलं तेव्हा आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आई रात्रीच्या भाकरी करताना म्हणाली, "वन्सं, सांगा की तिला. नाहीतर मी सांगते." आत्यानं मान हलवली. "नाव कायबी असू द्या वैनी. हाक तर मारती." आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिला त्याच घरात ऱ्हायचंय. तिथलं वाईट मी सांगितलं तर तिनं तिथं झोपायचं कसं?"

त्या उन्हाळ्यांत पेटीतलं घर बदलत गेलं, कारण बाहेरचं बदलत होतं. पेठेत पिवळी पाटी लावून फोनचं बूथ झालं, घरांवरून केबलच्या तारा गेल्या. गिरिजानं मागितलं आणि आत्यानं दिलं. काडेपेटीचा टीव्ही झाला, त्याच्यावर विणलेला रुमाल. कोटाच्या मोठ्या गुंडीची छपरावरची टीव्हीची छत्री झाली. वाळ्याचा पडदा निघाला आणि खिडकीत पुठ्ठ्याचा कूलर बसला. आमच्या दुकानातही तयार कपडे यायला लागले. शर्ट पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात यायचे, आत पुठ्ठा, गळ्याखाली टाचण्या. ते प्लॅस्टिक आत्याच्या खिडक्यांना काच म्हणून लागलं, पुठ्ठ्याची कपाटं झाली, टाचण्यांच्या खुंट्या. पण ओट्यावरचं मशीन दिवसेंदिवस गप्प राहायला लागलं. चाचांकडे आता फक्त पँटी आखूड करायला आणि साडीला फॉल लावायला लोक यायचे. आत्या संध्याकाळी ओच्यात काही घेऊन परतली नाही की चाचा खाली मान घालून म्हणायचे, "बेटी, आजकल चिंधीबी शहरातच ऱ्हाती."

एका उन्हाळ्यात गिरिजा नगरहून घेतलेली प्लॅस्टिकची बाहुली घेऊन आली. सोनेरी केस, उंच मान, लांबसडक पाय. पेटीतल्या घरात ती मावेचना; उभी केली तर डोकं वरच्या फळीला लागायचं, निजवली तर पाय बाजेबाहेर. आत्यानं तिला हातात घेऊन उलटीपालटी केली. "हिला खायला घालत न्हाईत का गं?" आम्ही दोघी हसून लोळलो. मग आत्यानं तिला लुगडं नेसवायला घेतलं. कितीदा तरी पदर काढला, कितीदा तरी तो गुळगुळीत खांद्यावरून घसरला. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "जाऊ द्या. परदेशातली हाय. हिला पदराची सवय न्हाई." त्या दिवशी सुई तिच्या ओठांत नव्हती, हातात होती, आणि ती तोंडभर हसली. गिरिजा तिच्या मांडीवर रेलून हसत होती. आत्याला इतक्या सुखात मी नंतर कधी पाहिलं नाही.

गिरिजा बारावी झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याला नोकरीला. कड्याहून तिचे वडील स्वतः पत्रिका घेऊन आले, ओट्यावरच बसले, पाणी प्यायले आणि अण्णांना म्हणाले, "सगळ्यांनी यायचं." सगळ्यांनी म्हणताना त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, पण आत्या बाहेर आली नाही. ते गेल्यावर तिनं मला हाक मारली. "कल्पे, रुखवत करायचं."

लग्नात मुलीकडून रुखवत मांडतात. कुणी साखरेचे डबे मांडतं, कुणी लोकरीची तोरणं. आत्यानं पुरं घर करायला घेतलं. पेटीतलं नव्हे, नवं. गिरिजाचं पुण्याचं घर कसं असेल, याचा अंदाज घेत घेत. गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. स्वयंपाकघरात ओटा, कारण शहरात उभ्यानं स्वयंपाक करतात, असं तिनं ऐकलं होतं. पलंगावर चौकड्यांची चादर, उशांना झालरीचे अभ्रे. पाळणा तिनं केला, मग लाजून काढून ठेवला, मग पुन्हा लावला. डोळे अधू झाले होते. दोरा मी ओवून द्यायचे, पण टाका तिचाच. आपल्या लग्नातला शालू कापून तिनं त्या घराचे पडदे केले. आईला ते बघवलं नाही.

कड्याला मांडवात ते घर मांडलं आणि बायकांची झुंबड उडाली. "कुणी केलं बाई?" "पुण्याहून आणलं का?" आत्या गर्दीत मागे उभी होती. गिरिजा हळदीच्या अंगानं आली, तिनं गॅलरीतला वाळत घातलेला चिमुकला फ्रॉक बोटानं हलवून पाहिला आणि बघतच राहिली. कुणीतरी तिला ओढून नेलं.

मुलीच्या आईवडिलांनी पाटावर बसायची वेळ झाली. आम्ही बायकांच्या खोलीत होतो. सुमनबाई नवी साडी नेसून आत आल्या. त्या आत्याहून लहान. चेहरा ओढलेला. त्यांनी सगळ्यांदेखत आत्याचा हात धरला. "ताई, उठा. पाटावर तुमी बसा. मी यांना सांगितलंय." मी आत्याच्या अगदी जवळ होते. ती उठलीही होती थोडीशी. मग पुन्हा बसली.

"न्हाई सुमन," ती म्हणाली. "दुखण्याखुपण्यात तिच्या उशाशी तू बसलीस. पाटावर तूच बस."

"ताई, असं नका करू. मी मनानं म्हणते."

"ते दिसतंय मला. म्हणूनच म्हणते, जा."

सुमनबाई रडत बाहेर गेल्या. मंगलाष्टकं लागली तेव्हा आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं अक्षता टाकल्या, त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. जामखेड मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, "दादा, बसायला पायजे होतं का रे मी?" अण्णा पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून बसले होते. त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. बीड येईपर्यंत तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर आत्याच्या हातून काही शिवून झालं नाही. सुरुवात करायची आणि ठेवून द्यायची. विचारलं तर डोळ्यांवर ढकलायची. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध झालं, मग बीडचा दवाखाना. पंधरवडाही निघाला नाही. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. तशी बसलेली ती मला फार लहान वाटली.

गिरिजा तिसऱ्या दिवशी आली, नवऱ्याबरोबर. सातवा महिना लागला होता, चेहरा प्रवासानं सुजला होता. नवरा बाहेर ओट्यावर बसला. ती मधल्या खोलीत आली आणि पेटीसमोर भिंतीला टेकून बसली. आईनं चहा आणला, तो निवून गेला. मग अण्णा आले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. आमचे अण्णा गिऱ्हाइकासमोरही गादी सोडून खाली बसलेले मी पाहिले नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "तुझी आई निघाली होती तुझ्याकडं."

गिरिजानं वर पाहिलं. आम्हीही. हे आईलाही ठाऊक नव्हतं.

"हितं येऊन महिनाबी झाला नव्हता. कुनाला न सांगता पिशवी घेऊन स्टँडवर गेलती. सकाळच्या बीडच्या गाडीत बसली होती. मला दुकानात येऊन कुनीतरी सांगितलं. मी पळत गेलो, गाडीत चढलो आन् हाताला धरून तिला खाली उतरवलं. चार मान्सांसमोर. म्हणलं, बिनबोलावता गेलीस तर आपल्या बापाचं नाक जाईल. पिशवी घेऊन माझ्या मागं मागं घरी आली." अण्णांनी दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. "तवा तुझ्या बापानं दुसरं लगीन केलं नव्हतं गं. तवा गेली असती तर झालं असतं."

गिरिजा अण्णांकडे बघत राहिली. रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नेमकं सांगता येत नाही.

"मला वाटायचं," ती हळूच म्हणाली, "मी गोवर घेऊन पडले होते म्हणून ती मला टाकून आली. आजी तसंच म्हणायची. ती माझी आई हाय, हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं मामा. इथं आले की ठरवायचे, आज विचारू, उद्या विचारू, मला कावून सोडलं म्हणून. पण मी जवळ गेले की ती नवी गादी दाखवायची, नवा पडदा दाखवायची. मग मी तेच बघत बसायचे. मला वाटायचं, विचारलं तर ती हेबी दाखवायचं बंद करल."

आई तोंडात पदर कोंबून आत गेली. मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना. आत्या आणि गिरिजा इतके उन्हाळे एकमेकींशेजारी बसल्या होत्या, एकाच वाकळीची दोन टोकं धरून. मी त्यांच्यामध्ये बसलेली असायचे.

गिरिजानं विचारलं, "मामा, ती गाडी अजून हाय का?"

"हाय. सकाळचीच."

"उद्या मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्टँडवर गेलो. उन्हं नुकतीच वर आली होती. बीडची गाडी आली, धूळ उडाली, माणसं घाईनं चढली. एक बाई कडेवर मूल घेऊन पायरीवर अडखळली, कंडक्टरनं तिला हात दिला. अण्णा निवाऱ्याच्या खांबाला धरून उभे होते, मान खाली. गिरिजा पोटावर हात ठेवून गाडीच्या दाराकडे बघत होती. घंटी वाजली. गाडी तेलगावच्या रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली, तरी ती तिकडेच बघत राहिली.

"चला मामा," ती शेवटी म्हणाली. "ऊन होतंय."

पेठेतून परतताना अण्णा मधेच थांबत होते. ते थांबले की तीही थांबायची.